कोपऱ्याचा प्लॉट

सकाळी ऑफिसला निघाले तर आमच्या अंगणात एक माणूस टेप धरून उभा. टेपचं दुसरं टोक घेऊन त्याचा जोडीदार स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पोचलेला, एक पाय माझ्या पुदिन्याच्या वाफ्यात. मला वाटलं, पाइपलाइनवाले असतील. आमच्या भागात कोणी ना कोणी काही ना काही खोदतच असतं. मी म्हटलं, आधी पुदिन्यातून पाय काढा, मग काय मोजायचं ते मोजा.

फाटकाबाहेर एक जोडपं उभं होतं. तो कुहीकडच्या शाळेत मास्तर, बायकोच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि उदबत्तीचा पुडा. नागपुरात एक प्लॉट घेऊन ठेवायचा आणि रिटायर झाल्यावर त्यावर बांधायचं, हे आमच्याकडच्या प्रत्येक मास्तरच्या डोक्यात असतं. हा मास्तर फार अदबीनं बोलला. "मॅडम, हा प्लॉट आमचा आहे. दलालानं तर रिकामा दाखवला होता. तुमचं घर कसं काय आलं इथं?"

मी हसले. खरंच हसले, कारण इतक्या सकाळी असा विनोद कोणी करत नाही. दलालानं त्यांना मागच्या गल्लीतला भलताच मोकळा प्लॉट दाखवला होता, हे नंतर कळलं. मग त्यांनी फोनवर रजिस्ट्रीचा फोटो दाखवला. प्लॉटचा नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या, शेवटी विकणाऱ्याचं नाव वाचलं. ते नाव आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाचं होतं. माझ्या हातातली डब्याची पिशवी मी तिथंच पायरीवर ठेवली आणि त्या दिवशी ऑफिसला गेले नाही.

इथं मागचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही.

माझे बाबा आणि शेजारचे काका, दोघंही विणकरांच्या घरातले. लहानपणापासूनचे दोस्त, जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लावून राहणारे. उमरेड रोडकडे नवीन ले-आउट पडलं तेव्हा दोघांनी हप्त्याहप्त्यानं शेजारशेजारचे दोन प्लॉट घेतले. कागदावर कोपऱ्याचा प्लॉट काकांचा आणि आतला बाबांचा. काकांनी तोवर हातमाग सोडून गिरणीत नोकरी धरली होती, बाबांचा माग चालू होता. मागावर चढवायच्या आधी ताण्याचं सूत लांबच लांब पसरून त्याला खळ लावावी लागते. त्यासाठी सरळ मोकळी गल्ली पाहिजे, आणि तशी गल्ली कोपऱ्याच्या प्लॉटला लागून होती. काका म्हणाले, कोपरा तू घे, मला काय करायचा आहे, मी तर सायकलला डबा अडकवून गिरणीत चाललो. नारळ फुटला, साखर वाटली. कोपऱ्यावर पहिली कुदळ काकांनी बाबांच्या हातून मारवली आणि आतल्या प्लॉटवर बाबांनी काकांच्या हातून. झाली अदलाबदल.

कागद? कागद कोण करतं. आमच्या लोकांत सूत उचलायचं आणि लुगडं विणून परत द्यायचं, हा सगळा कारभार तोंडी. तिथं जिवलग दोस्ताला "चल, लिहून दे" म्हणायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. दोघांनी आपापली घरं बांधली. घरटॅक्स ज्याच्या घराचा त्याच्या नावानं यायचा, लाइटचं बिल तसंच, त्यामुळे प्लॉटचा कागद काय म्हणतो ते बघायची कोणाला गरज पडली नाही. पुढे बाबांचाही माग बंद पडला. ते धरमपेठेत साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागले. माझी आई गेली. काका गेले. काकांचं सगळं मुलाच्या नावावर चढलं, आणि त्या सगळ्यात कोपऱ्याचा प्लॉटही गेला.

म्हणजे आमच्या घराखालची जमीन कागदावर काकूंच्या मुलाची, आणि काकूंच्या घराखालची जमीन कागदावर माझ्या बाबांची. मुलानं पुण्यात बसून आपल्या नावावरचा प्लॉट विकला. त्यावर आम्ही राहतो.

आता हे माझ्याच नशिबी यावं, याला काय म्हणायचं? माझं पोट मालकीच्या इतिहासावर चालतं. विमानतळाकडच्या एका ऑफिसात बसून मी इंग्लंडमधल्या जुन्या घरांचे मालक शोधते. तिकडे पैसेवाले लोक जुनी घरं घेतात आणि त्यांना त्या घराची कुळकथा छापून भिंतीवर लावायची असते. त्या दिवसांत माझ्याकडे एक मॅनर होतं. मॅनर म्हणजे खेड्यातल्या जमीनदाराची दगडी हवेली, पुढे हिरवळ, मागे हरणांचं रान. आधी ती जागा चर्चची. मग राजानं हिसकावून आपल्या सरदाराला दिली. सरदाराच्या नातवानं उधळपट्टीत घालवली, मग कोणाच्या तरी हुंड्यात गेली, मग गिरणीच्या कापडाचा एक व्यापारी आला आणि त्यानं ती विकत घेऊन दोन मजले चढवले. लढाईत तिथं इस्पितळ झालं, मग शाळा, आणि आता लग्नाचं हॉटेल. त्या व्यापाऱ्याच्या कापडानं आमच्यासारख्या किती घरांचे माग बंद पाडले, ते त्या कुळकथेत लिहायचं नसतं. क्लायंटला मसाला हवा असतो, पण आमच्याकडचा नको असतो.

तर सातासमुद्रापलीकडच्या त्या हवेलीचा कोणता जिना कोणत्या मालकानं बांधला ते मला तोंडपाठ. आणि मी रोज जिथं चहा ठेवते त्या ओट्याखालची जमीन कोणाची, ते मला कुहीच्या मास्तरनं येऊन सांगावं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

काकूंना सांगायला आम्हाला जावं लागलं नाही. टेपवाले बघून त्या स्वतःच आल्या. त्यांनी आमच्यासमोर, आमच्या खाटेवर बसून मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मुलगा शांत होता. ती शांतता मला अजून टोचते. त्याला अदलाबदल माहीत होती, नाही असं तो म्हणाला नाही. कागद माझ्या नावावर होता, मी कागद विकला, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पैसे फ्लॅटमध्ये गेलेत, आता परत निघत नाहीत. आणि आई, तू तिथं एकटी काय करतेस, इकडेच ये, तुझ्यासाठी वेगळी खोली काढली आहे. फोन बंद झाल्यावरही काकू तो हातात धरून बसल्या होत्या.

या बाईनं मला वाढवलं आहे. आई दवाखान्यात होती त्या सगळ्या काळात माझी वेणी काकूंनी घातली, माझा डबा काकूंनी भरला. पाटवडीचा रस्सा केला की आमची वाटी आधी कंपाउंडच्या भिंतीवर यायची, मग त्यांच्या घरात पानं वाढली जायची. हे मी अशासाठी सांगते आहे की पुढे माझ्या मनात काय आलं ते नीट कळावं.

वकिलाकडे गेलो. त्यांनी पंखा मोठा केला, चहा मागवला, तेव्हाच मला समजलं की बातमी वाईट आहे. ते म्हणाले, केस लढता येईल, इतक्या वर्षांचा ताबा आहे. पण समोरचा कागद चोख आहे, तुमची अदलाबदल हवेतली आहे, आणि निकाल लागेस्तोवर तुमचे वडील असतील की नाही सांगता येत नाही. मधल्या काळात स्टे आला तर गळणाऱ्या स्लॅबला डांबर लावायचीही चोरी. मग ते जरा पुढे झुकले. एक मार्ग आहे म्हणाले. शेजारचं घर ज्या प्लॉटवर आहे तो कागदावर तुमच्या वडलांचा. मास्तरला हाच प्लॉट पाहिजे असं थोडीच आहे, त्याला एक प्लॉट पाहिजे. अदलाबदलपत्र करा. तुमच्या वडलांचा प्लॉट मास्तरला, मास्तरचा तुम्हाला. तुमचं घर वाचतं. शेजारच्या बाईंना तेवढं उठावं लागेल.

मास्तर तयार झाला. मीही तयार झाले. हो, झाले. माझं वय चाळिशी ओलांडलेलं, नवऱ्याचं घर सोडून आले त्याला जमाना झाला, या शहरात दुसरी खोली घ्यायची माझी ऐपत नाही आणि बाबांना दोन जिने चढले की धाप लागते. मला माझं घर पाहिजे होतं. काकूंची वाटी, काकूंची वेणी, सगळं आठवत होतं आणि तरी मला माझं घर पाहिजे होतं.

बाबांनी कागद हातातही घेतला नाही.

"सही करा, बाबा," मी म्हटलं.

"कायची सही वं? त्याच्या बायकोले रस्त्यावर काढाची?"

मग आपण रस्त्यावर आलो तर चालेल का, असं मी ओरडून विचारलं. भिंतीपलीकडे ऐकू जाईल याचंही भान राहिलं नाही. बाबा ओरडले नाहीत. ते म्हणाले, "मी त्याले कोपरा मागतला नव्हता. त्यानं आपल्या मनानं देला. आता त्याच्या माघारी मी त्याचं घर देऊ?" आणि ते उठून फाटकाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवसापासून आम्ही एका घरात राहून वेगवेगळे जेवायला लागलो.

मी करायचं ते सगळं केलं. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात हेलपाटे घातले, नगरसेवकाच्या घरी चपला झिजवल्या, ले-आउट पाडणाऱ्या माणसाच्या वारसांना शोधत काटोलपर्यंत बसनं जाऊन आले. त्यांनी संत्री खाऊ घातली आणि हात वर केले. टेकडीच्या गणपतीला नवस बोलले, तोही अर्धवट, कारण काकूंचं घर जावं असं देवापुढे बोलायला जीभ रेटेना. मास्तर दर रविवारी यायचा. आरडाओरडा नाही, धमकी नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा, काही झालं का. आयुष्याची पुंजी घातली होती बिचाऱ्यानं. एकदा त्याची बायको माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. तो गुंड असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. असं वाटायचं की सगळं सोडून कुठं तरी निघून जावं, आणि लगेच वाटायचं, जायला जागा असती तर हे रडगाणं कशाला असतं.

ऑफिसात त्या हवेलीचं काम चालूच होतं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मालक मेला की हवेली मुलाकडे जायची, पुतण्याकडे जायची, कोणाकडेही जायची, पण जुन्या मालकाच्या विधवेचं तेवढं ठरलेलं असायचं. तिला एक खोली, जळण, बागेतून जायची वाट, मरेपर्यंत. मालक बदलला तरी तिला कोणी हलवायचं नाही. ते वाचता वाचता मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बाजूच्या टेबलावरच्या मुलीनं घाबरून पाणी आणलं. मी तोंड धुतलं आणि थेट मास्तरला फोन लावला. म्हटलं, तुम्ही घर घ्या, पण काकूंना त्यातली एक खोली त्या असेपर्यंत द्या. पलीकडे नवराबायकोचं हळू आवाजात बोलणं झालं. मग तो म्हणाला, देतो. लिहूनही देतो.

मी धावतच काकूंकडे गेले. असा आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. काकू तांदूळ निवडत होत्या. माझं सगळं बोलणं होईस्तोवर त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"ज्या घरची मी मालकीन, तिथं आता कोनाच्या मेहरबानीनं राहू?" त्या म्हणाल्या.

मग आमच्याकडे या, मी म्हटलं. माझी खोली घ्या, मी बाबांच्या खोलीत गादी टाकते. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. तुम्हाला रोज माझं तोंड बघावं लागेल, म्हणाल्या, आणि मला तुमचं, आणि दोन्ही बाजूंनी आठवेल ते एकच. त्यापेक्षा पोराकडे जाते. चांगला असो की वाईट, पोटचा आहे. एवढं बोलून त्या उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्यापुढे चालत आमच्या अंगणात आल्या. बाबा फाटकाजवळ बसले होते. त्यांना बघून बाबा उभे राहिले.

"भाऊजी, सही करा," काकू म्हणाल्या.

बाबांनी मान फिरवली.

"माह्या पोट्ट्यानं तुमचं घर नाई विकलं, भाऊजी. माहं विकलं. तुमची दोघाईची अदलाबदल खरी होती ना? मंग आमच्या वाट्याचं घर कोनतं? आतलं. त्याचं होतं तेच त्यानं विकलं. त्याले समजलं नाई, इतकंच."

"वहिनी, असं नका बोलू."

"खोटं आहे काय? खोटं आहे म्हना, मी जाते वापस."

बाबांना खोटं म्हणता येईना. खोटं म्हटलं तर अदलाबदल खोटी, काकांचा शब्द खोटा, ती कुदळ खोटी. माझे बाबा रडताना मी आई गेली तेव्हा पाहिले होते, ते आता असे भर अंगणात, टोपी तोंडावर धरून. मी त्यांच्याजवळ गेले नाही. जायची माझी हिंमत झाली नाही, कारण आतून माझा जीव भांड्यात पडला होता आणि तो चेहऱ्यावर दिसेल अशी मला भीती होती.

तुम्ही रजिस्ट्रीच्या ऑफिसात सही करा, मी तुमच्या बाजूला बसते, म्हणजे तुमच्या मनात काही राहणार नाही, असं काकूंनी बाबांना सांगितलं. मी समजावलं, वकिलानं समजावलं, तुमची गरज नाही, तुम्ही नका येऊ. ऐकतील तर त्या काकू कसल्या. रजिस्ट्रीच्या दिवशी त्या लग्नाला नेसायची ती नारळी काठाची साडी नेसून ऑटोत आमच्या आधी बसलेल्या होत्या. ती साडी बाबांनी विणलेली होती.

रजिस्ट्री ऑफिसात ही गर्दी. मास्तर आणि त्याची बायको एका बाकावर अवघडून बसलेली, काकूंकडे बघायचं टाळत. रजिस्ट्री करताना सही करणाऱ्याला ओळखणारी दोन माणसं लागतात. त्यांचा अंगठा घेतात, फोटो काढतात, हा माणूस तोच आहे हे त्यांनी सांगायचं असतं. एक आमच्या ऑफिसातला मुलगा आला होता. दुसरा गल्लीतला एक जण येतो म्हणाला होता, तो आलाच नाही. फोन लावला तर उचलेना. आमचा नंबर पुकारला गेला. मी इकडेतिकडे बघत होते, वकील कोणाला तरी पकडून आणायला निघाले होते, तेवढ्यात काकूंनी रुमालाची गाठ सोडून आधार कार्ड काढलं.

"मी देते ओळख," त्या म्हणाल्या.

बाबा म्हणाले, नको. कोणी ऐकलं नाही. क्लार्कनं कार्ड घेतलं आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारायला सुरुवात केली. सही करणाऱ्याला ओळखता का? हाव. कधीपासून? लग्न होऊन आले तेव्हापासून. त्यानं टाइप केलं.

"तुमचे कोण लागतात?"

काकूंनी बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे टेबलावर होते. भाऊजी म्हणतील असं मला वाटलं. दीर म्हणतील, शेजारी म्हणतील, काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मी राहते त्या घराचे मालक," काकू म्हणाल्या.

क्लार्कनं पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे तुम्ही भाडेकरू का, मावशी?"

"हाव," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस."

त्यानं तसं टाइप केलं, अंगठ्याचं यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, मान सरळ ठेवा, कॅमेऱ्याकडे पाहा.